नाव तेच, गळा नवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांकडे बोनी एम या डिस्को बँडच्या कॅसेटी होत्या, त्या ऐकतच आम्ही मोठे झालो. आता परदेशातल्या भावाला ‘बोनी एम’च्या कार्यक्रमाची तिकिटं मिळतायत. मूळ चौघांपैकी कोण गाणार हे जाहिरातीवरून कसं ओळखायचं? (नाशिक)

उत्तर : आधी कॅसेटवर कोण गातंय ते पाहू, कारण कव्हरवर दिसणाऱ्या चौघांपैकी दोघीच त्यात गायलेल्या आहेत. पश्चिम जर्मनीतला निर्माता फ्रँक फरियन याने १९७५ मध्ये या नावाने पहिलं गाणं काढलं, तेव्हा आवाज त्याचाच होता. टीव्हीवर दाखवायला माणसं हवीत म्हणून चमू नंतर जमवला. बॉबी फॅरेल नाचता नाचता ज्या खर्जातल्या आवाजावर ओठ हलवायचा, तो आवाजही फरियनचाच. बायकांचे आवाज लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट यांचे. मेझी विल्यम्स यांचा आवाज स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवर नाही. १९८६ मध्ये हा चमू मोडला आणि पुढे निरनिराळ्या सदस्यांनी आपापले ‘बोनी एम’ घेऊन दौरे केले. फॅरेल २०१० मध्ये गेला, फरियन जानेवारी २०२४ मध्ये. तुमच्या वडिलांच्या कॅसेटवरचा ओळखीचा आवाज प्रत्यक्ष ऐकायचा असेल, तर पोस्टरवर लिझ मिचेल हे नाव शोधा.

बँडच्या नावापुढे ‘फीचरिंग’ आणि एकच नाव असेल, तर मूळ माणूस तेवढाच धरायचा. ‘ट्रिब्यूट’ असेल तर मूळचं कुणीच नाही. काहीच लिहिलं नसेल तर आयोजकांकडून गाणाऱ्यांची नावं लेखी मागवा. आयोजकांच्या जाहिरातीच्या व्हिडिओवर विसंबू नका. त्यात बहुतेकदा जुनं रेकॉर्डिंगच लावलेलं असतं. गेल्या सहा महिन्यांत प्रेक्षकांपैकी कुणी मोबाइलवर टिपलेला तुकडा ऐका. चार मिनिटांत खरं काय ते कळतं.

प्रश्न : गाणी लिहिणारा सोडून गेला, तरी उरलेले लोक त्याचीच गाणी कशी गातात? त्याची परवानगी लागत नाही का? (ठाणे)

उत्तर : गाण्याचे शब्द आणि चाल, स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आणि बँडचं नाव या तीन वेगवेगळ्या मालमत्ता आहेत, आणि बहुधा त्या तीन वेगळ्या हातांत असतात. स्टेजवर गाणं गायला लेखकाला गाठावं लागत नाही. आयोजक स्वामित्वहक्क संस्थेकडून परवाना घेतो (ब्रिटनमध्ये पीआरएस, आपल्याकडे आयपीआरएस), गायलेल्या गाण्यांची यादी देतो आणि मानधन लेखक-संगीतकाराकडे जातं. बँड सोडलेल्या गीतकाराला त्यामुळे पैसे मिळतात, पण तो गाणं अडवू शकत नाही.

अडतं ते नावावर. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन रॉक बँडची जवळजवळ सगळी गाणी त्याचा गायक जॉन फोगर्टी याची. त्याला वगळून बास वाजवणारा स्टू कुक आणि ड्रमर डग क्लिफर्ड यांनी १९९५ मध्ये ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड’ काढला. फोगर्टी कोर्टात गेला तो नावावरून, गाण्यांवरून नव्हे. डोअर्स या अमेरिकन रॉक बँडचं प्रकरण याहून बोलकं आहे. त्याचा गायक जिम मॉरिसन १९७१ मध्ये गेला. २००२ मध्ये त्याचे साथीदार रे मॅन्झारेक आणि रॉबी क्रीगर यांनी ‘द कल्ट’ या दुसऱ्या बँडचा गायक इयन ॲस्टबरी याला घेऊन नव्याने सुरुवात केली आणि नावात ‘डोअर्स’ ठेवलं. ड्रमर जॉन डेन्समोरने मॉरिसनच्या वारसांसह दावा लावला आणि २००५ मध्ये त्यांना ते नाव सोडावं लागलं. गाणी मात्र ते वाजवत राहिले. डेन्समोरची बाजू आम्हाला पटते. लोक तिकीट काढतात ते नावावर भरवसा ठेवून.

मूळ लेखक गेले तर बँड संपलाच का? ह्यूमन लीग हा ब्रिटिश बँड पाहा. १९८० मध्ये मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे संस्थापक-संगीतकार बाहेर पडले. गायक फिल ओकी आणि स्टेजवर स्लाइड दाखवणारा एड्रियन राइट एवढेच मागे राहिले, आणि दौरा तर ठरलेला. ओकीने शेफील्डच्या एका नाइटक्लबमध्ये नाचणाऱ्या दोन शाळकरी मुलींना बँडमध्ये घेतलं, नंतर जो कॅलिस हा नवा लेखक आणला. १९८१ च्या ‘डेअर’ अल्बममधलं ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ हे गाणं ब्रिटनमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते लिहिण्यात कॅलिसचा हात होता. म्हणून पुन्हा उभ्या राहिलेल्या बँडबद्दल आम्ही पहिल्यांदा विचारतो ते हेच : नवी गाणी कोण लिहितंय? कुणीच नसेल, तर तो चांगला ऑर्केस्ट्रा आहे. ऑर्केस्ट्राही मनापासून ऐकावा, पण ऑर्केस्ट्रा म्हणूनच.

प्रश्न : नवा गायक मूळ पट्टीत का गात नाही? (सांगली)

उत्तर : मूळ पट्टी पहिल्या गायकाच्या गळ्याला बेतलेली असते. नव्या गायकासाठी पट्टी ठरवताना गाण्यातला सगळ्यात वरचा क्षणभराचा स्वर मोजू नका. जिथे सर्वांत उंच ठेहराव घ्यावा लागतो तो स्वर धरा. नवा गायक दोन तासांच्या शेवटीही तो स्वर न ताणता धरू शकतो का ते पाहा. अर्ध्या तासाच्या तालमीत जमलेलं शेवटच्या गाण्यात फाटतं. पुरुषाऐवजी बाई गाणार असेल, तर काळी एकवरून काळी चारपर्यंत जावं लागू शकतं, म्हणजे सात अर्धस्वर.

इथेच वाद्यांची गडबड होते. गिटारवरचा मूळ तुकडा मोकळ्या तारांवर बसवलेला असेल, तर नव्या पट्टीत त्या तारा सुटतात आणि गुंजन जातं. अर्धा-एक स्वर खाली जायचं असेल तर सगळी गिटारच उतरवून लावा, बोटं तीच राहतात. त्याहून खाली गेलात की तारा सैल पडून खडखडतात. मग जाड तारांचा संच चढवा. वर जायला कॅपो, म्हणजे गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा, आहे. कीबोर्डवर ट्रान्सपोज (पट्टी सरकवणारं बटण) दाबताना त्यातले ड्रमचे आवाजही सरकत नाहीत ना, ते आधी तपासा.

क्वीन या ब्रिटिश बँडने तर काही जागा कुणालाच गायला दिल्या नाहीत. मूळ गायक फ्रेडी मर्क्युरी (पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला) हयात असतानाही ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला ऑपेराचा भाग टेपवर वाजायचा, कारण स्टुडिओत थरावर थर चढवलेले ते आवाज स्टेजवर उभे करता येत नव्हते. आज नवा गायक ॲडम लॅम्बर्टबरोबरही तसंच आहे. लॅम्बर्ट फ्रेडीची नक्कल करत नाही आणि बँडचं नाव ‘क्वीन + ॲडम लॅम्बर्ट’ असं लिहितात, हे दोन्ही आम्हाला फार मोलाचं वाटतं. फ्रेडी गेला तरी गाणी लिहिणारे ब्रायन मे आणि रॉजर टेलर अजून स्टेजवर आहेत, हेही विसरू नका.

प्रश्न : आमच्या पाच जणांच्या बँडमधला गायक बाहेर पडला. गाणी त्याने लिहिली होती, चाली सगळ्यांनी मिळून केल्या. नाव आणि गाणी आम्ही वापरू शकतो का? (कोल्हापूर)

उत्तर : शब्दांचा हक्क त्याचा, चालीचा हक्क चाल करणाऱ्यांचा. स्टेजवर गाताना परवाना आयोजकाने घ्यावा आणि यादीत त्याचं नाव द्यावं. नव्याने रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकायचं असेल, तर त्याची लेखी परवानगी घ्या. तो हक्क लिहून देणार असेल, तर कागदावर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

नावासाठी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर ४१ व्या वर्गात, म्हणजे मनोरंजनाच्या सेवांमध्ये, तेच नाव आधी कुणी घेतलंय का ते शोधा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी व्यक्तीला ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. पण अर्जाआधी पाचही जणांनी बसून करार करा : बाहेर पडणाऱ्याचा नावावर हक्क राहणार की नाही, आणि किती जण उरले की नाव बंद करायचं. शुगाबेब्स या ब्रिटिश गायिकांच्या बँडमध्ये २००९ पर्यंत मूळच्या तिघीही बाहेर पडल्या आणि नाव दुसऱ्याच गायिकांकडे राहिलं. त्या तिघी पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांना आद्याक्षरांवरून एमकेएस म्हणून गावं लागलं. स्वतःचं नाव परत मिळायला २०१९ उजाडलं.

गायकाशी अजून बोलणं होत असेल, तर या आठवड्यातच भेटा आणि एका कागदावर प्रत्येक गाण्यापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.