नेपाळला जायला आधार कार्ड पुरतं का? सोबत मावशी पण आहे

तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघं, 16 वर्षांची मुलगी, 10 वर्षांचा मुलगा आणि मावशी असे मे महिन्यात विमानाने काठमांडूला जाताय, सगळ्यांची आधार कार्डं आहेत तेवढं पुरेल का, पैसे कसे न्यायचे आणि दिवस किती धरायचे. आणि शेवटी लिहिलंय, "मावशी लग्नाआधीपासून आमच्यातच राहते, त्यामुळे तिला फॅमिलीतच धरतील ना?" खरं सांगते, या शेवटच्या ओळीसाठी मी लिहायला बसलेय. नाही धरत.

व्हिसा लागत नाही हे बरोबर आहे, 1950 च्या करारापासून आपल्याला तिकडे नि त्यांना इकडे मोकळं जाता येतं. पण व्हिसा नको म्हणजे कागद नको असं लोक परस्पर ठरवून टाकतात. विमानाने जायचं तर पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनातलं एक. आधार चालतं ते 15 च्या खालच्यांना आणि 65 च्या वरच्यांना. म्हणजे तुमचा मुलगा आधारवर जाईल. मुलगी 15 ते 18 मध्ये येते, तिच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्या, आणि ते आत्ताच मागा, मे मध्ये शाळेत कोणी भेटत नाही. एकत्र कुटुंबाला एक सवलत आहे, मोठ्यांपैकी एकाकडे मुख्य कागद असला तर बाकीच्यांना फोटोचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा चालतो, पण त्यात नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि आईवडील एवढेच. मावशी नाही, आत्या नाही, काकू नाही. आणि ही सवलत असली तरी तिच्या भरवशावर मोठ्या माणसांनी विमानतळावर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण काउंटरवरचा माणूस नात्याचा कुठला पुरावा मान्य करेल हे आधी कळत नाही.

आमच्या ह्यांच्या आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या त्या कायमच्या. ह्यांना आणि थोरल्या भावोजींना त्यांनीच वाढवलं, सासूबाई शेतावर आणि घरात आत्या. आयुष्यात त्यांनी मागितलं काय तर एकदा पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ. आमच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम आहे, तो गंडकीतून येतो हे त्यांना कुणा कीर्तनकाराकडून कळलेलं, तेव्हापासून ती नदी बघायची होती. तर दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी जायचं ठरलं आणि तिकिटं काढली भावोजींनी. मी तेव्हाच विचारलं होतं, आत्यांचं मतदान कार्ड घेतलंत का? तर म्हणे नेपाळ काय परदेश आहे का, आधार आहे ना, शिवाय घरात एकाकडे पासपोर्ट असला की सगळे जातात. मी म्हटलं ते आत्यांना लागू नाही. तर मला सांगितलं, तू प्रत्येक गोष्टीत कागद घेऊन बसतेस. त्याच्या दोन वर्षं आधी मी आत्यांचा पासपोर्ट काढूया म्हणाले होते तेव्हाही हेच, "या वयात त्यांना कुठं जायचंय?"

मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आत्यांचं आधार हातात घेतलं आणि जन्मतारीख बघितली. 1 जून. आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख 1 जून असते, कुणीतरी अंदाजे टाकलेली. आत्या सत्तरीच्या, पण कार्डावरच्या सालाप्रमाणे वय निघालं 63. म्हणजे 65 च्या वरची सवलत नाही. भावोजींनी मग फॅमिलीचं सांगितलं. तिने विचारलं नातं काय, हे म्हणाले आत्या, ती म्हणाली सर आत्या यात बसत नाहीत. भावोजींचा आवाज चढला, "अहो मॅडम, आईपेक्षा जास्त केलंय त्यांनी आमचं!" ती मुलगी शांतपणे म्हणाली की सर मला समजतंय पण मी बोर्डिंग पास देऊ शकत नाही. तिचं काहीच चुकलं नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. आणि आत्या बाजूला उभ्या, हातात पिशवी, त्यात परड्यातल्या बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, पशुपतिनाथाला वाहायला. मला म्हणाल्या, "जाऊदे गं, माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको." हे वाक्य मी विसरू शकत नाही.

भावोजी म्हणाले कुणीतरी आत्यांना गावी सोडा, पुढच्या वेळी बघू. मी थांबते म्हणाले. पोरं ह्यांच्याबरोबर गेली आणि मी नि आत्या रात्रीच्या एसटीने कराडला आलो, तिथून गावी. पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत मतदान कार्ड होतं, जुनं, फोटो फिका पडलेला पण नाव नि नंबर स्वच्छ वाचता येत होता. या बाईने ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एक मतदान चुकवलेलं नाही, तिच्याकडे कार्ड असणारच, फक्त कुणीतरी विचारायला पाहिजे होतं!

मी विमानाच्या नादी लागले नाही. तत्काळमध्ये कुशीनगर एक्सप्रेसची दोन तिकिटं मिळाली, कुर्ल्याहून थेट गोरखपूर, दीड दिवसाचा प्रवास, तिथून सीमेवरच्या सुनौलीला बसने तीनेक तास. सुनौलीची कमान चालत ओलांडायची असते, इकडे आपली दुकानं तिकडे त्यांची, मधे ट्रकांची रांग. तिथल्या पोलिसाने आत्यांचं कार्ड बघितलं, आत्यांकडे बघितलं आणि "जाइए माताजी" म्हणाला. जमिनीवरून सीमा उघडी आहे, रोज हजारो लोक जातात येतात, बऱ्याचदा कोणी काही विचारतही नाही. पण त्या भरवशावर राहू नका, हॉटेलात, सिमकार्ड घेताना, कुठे तपासणी लागली तर ओळखपत्र लागतंच आणि परत येताना आपल्या बाजूलाही विचारतात. आम्ही पोखऱ्यात बाकीच्यांना गाठलं. मुक्तिनाथला आत्यांनी 108 धारांखालून डोकं भिजवत फेरी पूर्ण केली, खाली कागबेनीला गंडकीच्या पात्रात उतरून पाण्याला हात लावला, आणि परतताना काठमांडूला पशुपतिनाथाला ती बेलाची पानं वाहिली, तोवर सुकली होती तरी वाहिली.

भावोजींचं म्हणणं अजून तेच आहे, "शेवटी आली ना बघून, मग झालं काय?" झालं असं की त्यांच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका मागणीच्या वेळी त्यांना सगळ्यांसमोर बाजूला उभं केलं गेलं. घरातल्या पुरुषांचे पासपोर्ट नोकरीसाठी निघतात, मुलांचे शिक्षणासाठी निघतात आणि म्हाताऱ्या बायकांच्या कागदांचं कुणी बघत नाही, आधारवर सासरचं नाव, मतदान कार्डावर वेगळं, जन्मतारीख तिसरीच. परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते आत्यांचा पासपोर्ट काढला. 36 पानी साधा पासपोर्ट 1,500 रुपये, 60 च्या वरच्यांना नवीन अर्जावर 10 टक्के सूट. ज्या घरात पोरांच्या मोबाइलवर हजारो जातात त्या घरात या पैशाचं रडगाणं मी ऐकून घेत नाही.

आता तुमचं उरलेलं. मावशीचं आधारवरचं वय 65 च्या वर असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर मतदान कार्ड शोधा, आणि मे ला अजून वेळ असेल तर सरळ पासपोर्टचा अर्ज करा. तिकीट काढताना जे कार्ड दाखवणार त्यावरचंच नाव टाका, तिच्याकडूनच कार्ड मागून घ्या आणि स्वतः वाचा. नुसती झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो नेऊ नका.

पैशाचं सोपं आहे. आपल्या 100 रुपयांचे त्यांचे 160 होतात, हा दर 1993 पासून पक्का आहे, त्यामुळे दुकानदार 150 धरायला लागला तर सरळ नाही म्हणा. आपल्या नोटा नेणार असाल तर 100 च्याच न्या, मोठ्या नोटांवरून तिकडे कायम कटकट झालेली आहे. 2024 पासून बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय क्यूआर स्कॅन करून चालतं पण पोखऱ्याच्या वर गेलात की रोखच ठेवा. घड्याळ 15 मिनिटं पुढे करायचं, परतीच्या विमानाच्या वेळा तिथल्या घड्याळाप्रमाणे असतात.

दिवस म्हणाल तर काठमांडू आणि पोखरा आठवड्यात आरामात होतं. मुक्तिनाथ हवं तर आणखी तीन दिवस धरा, ते 3,700 मीटरच्या वर आहे, पोखरा हजारच्याही खाली, मावशीला दमा किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि वाटेतल्या जोमसोम गावी एक रात्र काढूनच वर जा. पोखरा ते जोमसोम विमानं सकाळीच उडतात कारण नंतर काली गंडकीच्या खोऱ्यात वारा सुटतो, हवा बिघडली की रद्द होतात, म्हणून परतीचं काठमांडूचं तिकीट त्याला चिकटून काढू नका. मे मध्ये धुरकट असतं, डोंगर दिसतीलच असं नाही, शिखरं बघायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळ्यात मात्र रस्त्याने अजिबात नको, जुलै 2024 मध्ये नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड येऊन दोन भरलेल्या बस त्रिशूलीत गेल्या.

एक राहिलंच, मी जे कागदांचं लिहिलंय ते आपल्या नागरिकांनी भारतातून थेट नेपाळला जाण्याबद्दल आहे. कोणी दुबईहून वगैरे येऊन तुम्हाला तिथे भेटणार असेल तर त्याला पासपोर्टच लागतो. आणि निघायच्या आठवड्यात काठमांडूतल्या भारतीय दूतावासाच्या सूचना बघून घ्या, सप्टेंबर 2025 च्या आंदोलनात तिथला विमानतळच बंद ठेवला होता, तेव्हा माझ्यासकट कुणाच्याही जुन्या उत्तरावर तिकिटं काढू नका.