‘मला भाषण येत नाही, माझा काय उपयोग?’

प्रश्न : ताई, तीस वर्षं हिशेब तपासण्याचं काम केलं, आता निवृत्त झाले. स्त्रियांच्या हक्कांसाठी काहीतरी करावं असं फार मनात आहे. पण मी वकील नाही आणि चार माणसांपुढे उभी राहिले की घसा कोरडा पडतो. स्वयंसेवक म्हणून माझा कुणाला उपयोग होईल का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : भाषणं करणाऱ्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. (मीही त्यातलीच. माइक हातात आला की सोडवत नाही.) वानवा आहे ती निमूट ऐकून नीट लिहून ठेवणाऱ्यांची.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतलं सांगते. मदत केंद्रात एक बाई आली, दोन तास बोलली. मी ऐटीत अर्ज लिहिला, ‘पतीकडून सातत्याने शारीरिक व मानसिक छळ.’ वाचून दाखवला तर म्हणाली, “हे कुणाचं आहे?” तिनं सांगितलेलं वेगळंच होतं. धाकटीची परीक्षा होती त्या सकाळी नवऱ्यानं हिच्या चपला पाण्याच्या टाकीत टाकल्या आणि बाहेरून कडी घालून निघून गेला. पोरीचा पेपर बुडाला. कडी, चपला, पेपर, सगळं मी एका ‘छळा’त गुंडाळलं होतं. आमच्या जुन्या कार्यकर्तीनं तो कागद नुसता उलटा केला. म्हणाली, “पाठकोऱ्या बाजूवर आता ती सांगते तसं लिही. छळ म्हटलं की पुरावा मागतात. परीक्षेची तारीख शाळेत सापडते.”

तारखेची ही किंमत तुम्हाला मी काय सांगायची!

शब्दाचीही तीच गत. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असं होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्यावर बोट ठेवलं म्हणून तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं.

बायकांना प्रत्यक्ष मदत करणारी एखादी संस्था गाठा आणि आधी विचारा, नव्यांना प्रशिक्षण देता का? पहिल्याच दिवशी कुणाचं प्रकरण तुमच्या हाती सोपवायला निघाले तर तिथे थांबू नका. नोंदींचं काम मागून घ्या. कुठली तक्रार किती दिवस पडून राहिली, किती हेलपाटे झाले, कुणी काय कारण देऊन परत पाठवलं. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा ‘सीडॉ’ हा करार १९७९ चा. तो मान्य केलेल्या देशांनी निदान दर चार वर्षांनी संयुक्त राष्ट्रांना अहवाल द्यायचा असतो, आणि संस्था त्याच वेळी आपला वेगळा अहवाल पाठवू शकतात. सरकार म्हणतं कायदा आहे. तो किती जणींच्या कामी आला हे अशाच वह्यांतून निघतं.

कधी कुणाबरोबर तक्रार द्यायला जावं लागेल. तेव्हा शेजारी बसायचं, बोलायचं तिनं. ती अडली तरी वाक्य तुम्ही पुरं करू नका. मला अजून हे जमत नाही.

आणि “सोड त्याला” असं म्हणू नका. मी एकीला म्हटलं होतं. ती परत आलीच नाही, तिचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. बाई घर सोडते तो काळच बऱ्याचदा सगळ्यांत धोक्याचा असतो. केव्हा निघायचं हे तिलाच ठरवू द्यावं, आपण कागदपत्रं, पैसे, निवारा याची जुळवाजुळव करावी. फोन कुठल्या नंबरवर, किती वाजता करायचा हेही तिलाच विचारा. दुसऱ्या कुणी उचलला तर निरोप ठेवायचा नाही. घरी येऊन नाव न घेतासुद्धा काही सांगायचं नाही. टाकीतल्या चपलांवरून माणूस ओळखता येतो. (मी वर लिहिलेले तपशीलही बदललेले आहेत.)

जाताना स्वतःची वही नेऊ नका. नोंदी संस्थेच्याच वहीत, आणि ती वही कुलपात. पेनं मात्र दोन न्या, एक हमखास कुणीतरी उचलतं.