अल्वारेझ नव्हे, मार्केस (आणि रफाएल मार्केस दोन आहेत)

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. दिवाळी अंकासाठी मेक्सिकोचा फुटबॉलपटू रफाएल मार्केस याच्या कारकिर्दीवर लेख करताय, आकडे जुळत नाहीत, एका ठिकाणी तो बचावपटू तर दुसरीकडे ग्वादालाहाराचा स्ट्रायकर दिसतो, आणि लिऑन क्लबकडून एकाच मोसमात दोनदा विजेता कसा, असं तुम्ही विचारलंय. आकड्यांचं नंतर बघू. मसुद्यातला जो परिच्छेद चिकटवलाय त्यात तीनदा ‘अल्वारेझ’ आलंय. आधी ते काढा.

तीन शब्दांचं नाव दिसलं की आपण ते स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असंच वाचतो. सचिन रमेश तेंडुलकर. त्याच चालीवर रफाएल मार्केस अल्वारेझ. पण तिकडे मधला शब्द म्हणजे वडिलांचं आडनाव आणि शेवटचा आईचं माहेरचं. (माहेरचं हे आपल्या सवयीने म्हटलं, तिकडे बायका लग्नानंतर आडनाव बदलतच नाहीत.) हाक मधल्याने मारतात. नुसतं ‘अल्वारेझ’ लिहिलंत तर फुटबॉल बघणाऱ्याला एड्सन अल्वारेझ आठवेल, तो वेगळा खेळाडू.

पण म्हणून शेवटचा शब्द फेकूनही देऊ नका. तुमचा ‘स्ट्रायकर’ म्हणजे रफाएल मार्केस लुगो. दुसराच माणूस, दोन-तीन वर्षांनी लहान. तो ग्वादालाहारा क्लबकडून, म्हणजे चिवासकडून खेळला. तुमचा मार्केस घडला अॅटलसमध्ये, आणि अॅटलस हाही ग्वादालाहारा शहराचाच क्लब! त्यामुळे ‘मार्केस, ग्वादालाहारा’ असं शोधलंत की दोघांची भेळ होणारच. आईचं आडनाव जोडून पुन्हा शोधा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

आता माझं सांगतो. 2011 च्या दिवाळी अंकात मी चिचारितोवर लिहिलं होतं. हाविएर हर्नांडेझ बाल्काझर, मेक्सिकोचाच स्ट्रायकर. मँचेस्टर युनायटेडमधल्या पहिल्याच मोसमात 20 गोल करून लीगचं विजेतेपद घेऊन बसला होता, विषय गरम होता. वडिलांना हिरव्या डोळ्यांमुळे चिचारो, म्हणजे वाटाणा म्हणत, म्हणून हा छोटा वाटाणा. आजोबा तोमास बाल्काझर यांनी 1954 च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध गोल केला, नातवाने 2010 मध्ये फ्रान्सविरुद्धच. दोघंही गोल करताना 22 वर्षांचे. लेखाचा जीव तिथेच होता.

आणि मी पानभर त्याला बाल्काझर म्हटलं. आजोबा बाल्काझर, नातू बाल्काझर, म्हणजे वडिलांचे वडील. वडिलांना सगळीकडे हर्नांडेझ म्हटलेलं दिसत होतं, ते मला मधल्या नावाशी जुळलं, म्हणून उलट खात्रीच पटली! प्रत्यक्षात तोमास हे आईचे वडील.

प्रूफ हातात आल्यावर सहज एका सामन्याचं स्पॅनिश समालोचन लावलं. नव्वद मिनिटांत बाल्काझर एकदाही नाही. घाम फुटला. सकाळी अंकाच्या कार्यालयात फोन केला (नाव घेत नाही, अंक अजून निघतो) आणि डीटीपी करणाऱ्याला सांगितलं, ‘जिथे जिथे बाल्काझर आहे तिथे हर्नांडेझ करा.’ त्याने इमानदारीत सगळीकडे केलं. आजोबांचंसुद्धा.

दुसरं प्रूफ मागितलं तर ‘फॉर्म गेला मशीनवर’. प्रत्यक्षात अंक त्यानंतर बारा दिवसांनी आला. त्यात ‘आजोबा तोमास हर्नांडेझ’, ठळक उपशीर्षकात. आधीच्या चुकीत निदान आजोबा तरी खरे होते. शुद्धिपत्रासाठी तीन फोन केले. पहिल्याला संपादक बाहेर, दुसऱ्याला मिटिंग, तिसऱ्याला ‘अहो, पुढचा अंक पुढच्या दिवाळीत, तोवर कोणाला आठवतंय?’ मडगावच्या एका वाचकाला आठवत होतं. त्याने दोन पानी पत्र पाठवलं, कार्यालयाने ते फक्त माझ्याकडे ढकललं. पुढच्या वर्षी मला लेख मागितला नाही. चूक माझीच, मान्य. पण एक प्रूफ दाखवायला काय जात होतं?

तेव्हा नावातली दुरुस्ती फोनवर कधीही सांगू नका. पान, ओळ, जुना शब्द, नवा शब्द, असं लिहून द्या. ‘सगळीकडे बदला’ हे वाक्य तोंडातून काढूच नका.

दोन विजेतेपदांचं सोपं आहे. मेक्सिकोत 1996 पासून एका मोसमात दोन छोट्या स्पर्धा होतात, दोन्हींचे विजेते वेगळे मोजतात. आता त्यांना अपेर्तुरा आणि क्लाउसुरा म्हणतात. साखळी संपली की बाद फेरी, तिला लिगिया. लिऑनने 2013 ची अपेर्तुरा आणि 2014 ची क्लाउसुरा जिंकली, म्हणून 2013-14 मध्ये दोन. ह्यूगो सांचेझने प्रशिक्षक म्हणून पुमास क्लबला 2004 या एका कॅलेंडर वर्षात दोन्ही जिंकून दिल्या, तिथेही लोक असेच अडखळतात. त्यामुळे ‘अमुक सालचा विजेता’ लिहू नका, स्पर्धेचं नाव लिहा.

गोलांच्या बेरजेत मैत्रीपूर्ण सामने घुसतात, तेही तपासा. चिचारितोचाच गंमतशीर नमुना आहे. 30 जुलै 2010 ला चिवासच्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला युनायटेड आलं होतं. तो पहिल्या अर्धात चिवासकडून खेळला, गोल केला, आणि दुसऱ्या अर्धात युनायटेडचा शर्ट घालून उतरला. हा गोल अधिकृत बेरजेत धरायचा नाही, पण लेखात घेतलाच पाहिजे. असा प्रसंग कोण सोडतं?

मार्केसच्या बाबतीत माझं मत (फक्त मत, मी पत्रकार नाही): बार्सिलोनाच्या चार लीग आणि दोन चॅम्पियन्स लीगवर निम्मी जागा घालवू नका, ते सगळे लिहितात. मोनाकोत 1999 ला गेला आणि पहिल्याच मोसमात फ्रेंच लीग जिंकली, ते सांगा. 2002 ते 2018 पाच विश्वचषक, पाचही वेळा कर्णधार, त्यावर रेंगाळा. त्यातही नुसता गौरव नको. 2002 मध्ये अमेरिकेविरुद्ध हरत असताना कोबी जोन्सला डोकं मारून लाल कार्ड घेतलं, तेही त्याच कर्णधाराने. मग 2006, 2010, 2014 तिन्ही विश्वचषकांत गोल.

आणि 2017 चं प्रकरण. अमेरिकेच्या अर्थखात्याने अमली पदार्थांच्या व्यापाराशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्याला निर्बंधांच्या यादीत टाकलं, त्याने आरोप नाकारले, 2021 मध्ये नाव यादीतून काढलं गेलं. लिहायचं तर तिन्ही गोष्टी लिहा, नाहीतर अजिबात नको. अर्धं छापून अंक वर्षभर लोकांच्या घरात पडून राहतो. लिहिलंत तर 2018 च्या विश्वचषकाच्या सरावात बाकीच्यांच्या शर्टांवर प्रायोजकांचे शिक्के आणि निर्बंधांमुळे याचा शर्ट कोरा, हेही जरूर घ्या.

उच्चारांबद्दल फार ताणू नका. मी स्पॅनिशच्या दोनच पातळ्या केल्यात, त्यामुळे जाणकारांनी दुरुस्त करावं. ‘मार्क्वेझ’ नको, मार्केस. हाविएर, जेवियर नव्हे. हर्नांडेझमधला ‘ह’ तिकडे उच्चारतच नाहीत, पण मराठी वाचकाला ‘एर्नांदेस’ दिलंत तर तो कोण हे विचारत बसेल. तिथे मी रूढ रूपच ठेवतो. एक रूप धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

दुरुस्त केलेला परिच्छेद इथेच टाका, नावं मी बघून देतो. प्रूफ मात्र तुम्ही स्वतः कार्यालयात जाऊन बघा, आणि आजोबा कुठे आले असतील तर त्यांची ओळ दोनदा.