पगाराच्या तक्त्यापुढे जा

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. विषमतेवर काम करायचं ठरवलंस याचा फार आनंद झाला. पण सगळा भर तू पगारांवर दिला आहेस, आणि तिथेच थांबलास तर अर्धंच चित्र हाती लागेल.

उत्पन्न म्हणजे दरवर्षी हातात येतं ते. संपत्ती म्हणजे कर्ज वजा जाता साठलेलं: जमीन, घर, ठेवी, शेअर. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या १० टक्के लोकांकडे उत्पन्नाचा ५२ टक्के वाटा आहे, संपत्तीचा तब्बल ७६ टक्के. खालच्या निम्म्या जगाकडे उत्पन्नाचे साडेआठ टक्के आणि संपत्तीचे फक्त २! हा दुसरा आकडा मला अस्वस्थ करतो. आजारपण आलं, काम सुटलं, की माणूस साठवणीवरच तगतो, आणि तीच इथे नाही.

ही दरी आपोआप रुंदावते. वर्षाला ७ टक्क्यांनी वाढणारी मालमत्ता साधारण १० वर्षांत दुप्पट होते. २ टक्क्यांनी वाढणाऱ्या पगाराला त्यासाठी ३५ वर्षं लागतात. शिवाय मालमत्ता मुलांच्या नावावर होते, पगार होत नाही.

तंत्रज्ञान झपाट्याने बदलतं तेव्हा पहिला लाभ यंत्रांच्या मालकांना मिळतो. औद्योगिक क्रांतीच्या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागचं उत्पादन कित्येक दशकं वाढत होतं, पण मजुरी त्या मानाने फारच कमी वाढली. पुढे ती वाढली. माझ्या मते त्यात कामगार संघटना, मताधिकार आणि कारखान्यांच्या कायद्यांचा वाटा मोठा होता.

म्हणूनच ‘विकास झाला की विषमता कमी होईलच’ हे वाक्य आराखड्यातून काढून टाक. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये विकासाबरोबर विषमता आधी वाढून मग घटते असं मांडलं खरं, पण आपल्या लेखात ५ टक्के माहिती आणि ९५ टक्के तर्क आहे, असंही त्यांनीच लिहून ठेवलं. लोक पहिलं लक्षात ठेवतात, दुसरं विसरतात.

सगळी विषमता एकाच आकड्यात मोजणाऱ्या गिनी गुणांकावरही एकट्यावर विसंबू नकोस. गुणांक सारखा असलेल्या दोन देशांपैकी एकात तळ खचलेला असू शकतो, दुसऱ्यात शिखर फुगलेलं. सर्वेक्षणांतून अतिश्रीमंत बहुधा निसटतात, म्हणून करांच्या नोंदी मिळतील तिथून मिळव.

पुढच्या मसुद्यात आधी संपत्तीचा तक्ता कर, पगाराचा त्यानंतर. दोन्ही झाले की पाठव, बसून बोलू.

तुझा,
एक शिक्षक