मोटर लिव्हर ढकलते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझं यंत्रमागांच्या सुट्या भागांचं लेथ वर्कशॉप आहे. विमानांचं वेड लहानपणापासूनचं. घरच्या माळ्यावर बोइंग ७३७-८०० चा थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरचा खोका) प्लायवूड आणि ॲल्युमिनियममध्ये उभा केलाय. दोन्ही थ्रस्ट लिव्हरना १२ व्होल्टच्या गिअर मोटर, मोटरला वीज देणारा एल२९८एन ड्रायव्हर, प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो मेगा बोर्ड आणि संगणकावर एक्स-प्लेन १२ हा विमानाचा सिम्युलेटर. ऑटोथ्रॉटल (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) लावला की लिव्हर आपोआप सरकतात, पण जागेवर पोचल्यावर थरथरत राहतात. आणि ऑटोथ्रॉटल सोडला की इंजिनांचा जोर एकदम उडी मारतो. प्रोग्रॅममध्ये काय बदलू? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी उडीचं बघू. थरथर त्यामानाने किरकोळ आहे.

तुमचा लिव्हर एक्स-प्लेनमध्ये जॉयस्टिकचा अक्ष म्हणून नोंदवलेला असणार. म्हणजे लिव्हर सिम्युलेटरला सांगतो 'जोर इतका ठेव', आणि त्याच वेळी सिम्युलेटर तुमच्या मोटरला सांगतो 'लिव्हर इथे ने'. एका लिव्हरला दोन मालक झाले. ऑटोथ्रॉटल चालू असेपर्यंत सिम्युलेटर अक्षाकडे काणाडोळा करतो. तो सुटला की अक्षावर जो आकडा असेल तो लगेच इंजिनांना लागू होतो, आणि लिव्हर मागे पडलेला असला की जोर उडतो.

रोह्याच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळायचे. तिथे रिॲक्टरच्या वाफेचा कंट्रोल व्हॉल्व्ह ऑटोवरून मॅन्युअलवर घेताना पहिली खबरदारी हीच असायची : मॅन्युअलचा आकडा ऑटोच्या शेवटच्या आकड्याशी जुळलेला हवा. आम्ही त्याला बंपलेस ट्रान्स्फर म्हणायचो. ७३७ मध्ये सर्व्हो मोटर लिव्हर हलवतात तेही याचसाठी. वैमानिकाने ऑटोथ्रॉटल सोडला त्या क्षणी त्याच्या हाताखालचा लिव्हर आणि इंजिनाचा जोर एकच गोष्ट सांगत असतात. घरच्या कॉकपिटमध्ये बरेच जण मोटर लावतात ती लिव्हर हलताना देखणा दिसतो म्हणून. माझ्या मते हाताला आणि डोळ्याला सतत खरी बातमी देणं हे मोटरचं खरं काम आहे, आणि प्रोग्रॅम त्या कामाभोवती लिहावा.

म्हणून जॉयस्टिकची नोंदणी काढून टाका. लिव्हरचं पोटेन्शिओमीटर, म्हणजे लिव्हर किती फिरला ते सांगणारा सेन्सर, फक्त तुमच्या प्रोग्रॅमने वाचायचं. एक्स-प्लेन नेटवर्कवरून येणारे संदेश यूडीपी पोर्ट ४९००० वर ऐकतो. आरआरईएफ संदेशाने थ्रॉटल आणि ऑटोथ्रॉटलच्या स्थितीचे डेटारेफ (सिम्युलेटरच्या आतले आकडे) मागवता येतात आणि डीआरईएफ संदेशाने लिहिता येतात. मग प्रत्येक क्षणी मालक एकच ठरवा. ऑटोथ्रॉटल बंद असेल तर लिव्हर बोलतो, सिम्युलेटर ऐकतो, आणि मोटर मोकळी असते. ऑटोथ्रॉटल काम करत असेल तर सिम्युलेटर बोलतो, मोटर लिव्हरला त्याच्यामागे नेते, आणि तुमचा प्रोग्रॅम सिम्युलेटरला काहीही लिहीत नाही.

तिसरी अवस्था बहुतेक जण विसरतात. ७३७-८०० मध्ये टेकऑफच्या धावेत ८४ नॉट्सला पॅनेलवर 'थ्रस्ट होल्ड' ही अक्षरं येतात आणि सर्व्होंची वीज काढून घेतली जाते, म्हणजे त्या नाजूक वेळी ऑटोथ्रॉटलला लिव्हर हलवताच येऊ नयेत. स्विच चालूच असतो, पण मालक वैमानिक असतो. तुमच्या प्रोग्रॅमने नुसता स्विच पाहून भागणार नाही, मोडही पाहायला हवा. तुम्ही वापरता त्या विमानात हा मोड नसेल, तर जमिनीवर असताना वेग ८४ च्या वर गेला की मोटर सोडायची, अशी अट स्वतः घाला. पुढे चढाईचा जोर लागला की मोटरला परत कामाला लावा.

मोटर 'मोकळी' सोडण्याबद्दलही सांगते. एल२९८एनच्या दोन्ही इनपुट सारख्या ठेवून एनेबल (ड्रायव्हर चालू-बंद करणारी पिन) चालू राहिलं तर मोटर ब्रेक लागल्यासारखी घट्ट होते. एनेबलच बंद करा, मग ती सैल सुटते. तरीही गिअरबॉक्सचा अडसर हाताला लागतोच. त्यावर प्रोग्रॅममध्ये इलाज नाही, तुमच्या लेथवर आहे. मोटर आणि लिव्हर यांच्यामध्ये घसरणारा क्लच हवा : पुलीच्या दोन्ही बाजूंना फेल्टचे वॉशर, वर स्प्रिंग आणि नायलॉक नट. नट इतकाच आवळा की मोटर लिव्हरला सहज नेईल, पण तुमच्या हाताने तो तिच्याविरुद्ध ओढता येईल. पोटेन्शिओमीटर मात्र क्लचच्या लिव्हरकडच्या बाजूला बसवा. मोटरकडे बसवलं तर क्लच घसरला की आकडा खोटा.

हात लावल्यावर ऑटोथ्रॉटल आपोआप सुटावा, अशी सोय काही जण करतात. मी करू देणार नाही, कारण खऱ्या विमानात तसं होत नाही आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. २५ फेब्रुवारी २००९ ला ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरताना टर्किश एअरलाइन्सचं ७३७-८०० धावपट्टीच्या अलीकडे शेतात पडलं. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या डाव्या रेडिओ अल्टिमीटरने उंची उणे ८ फूट दाखवली होती. विमान टेकतंय असं समजून ऑटोथ्रॉटलने लिव्हर मागे आयडलला नेले आणि वेग घसरत गेला. स्टॉलचा, म्हणजे वेग घटून पंखांचा उचल धरण्याचा जोर संपत आल्याचा, इशारा आल्यावर सहवैमानिकाने लिव्हर पुढे ढकलले, पण ऑटोथ्रॉटल चालूच होता, त्याने ते परत मागे आणले. नऊ जण गेले. तुमच्या क्वाड्रंटवरही हाताने ढकललेला लिव्हर हात सुटताच मोटरने परत नेला पाहिजे, आणि ऑटोथ्रॉटल सुटला पाहिजे तो लिव्हरच्या टोकाशी असलेल्या बटणानेच. तिथे अंगठा आपोआप जायची सवय लागणं, हाच या खटाटोपाचा मोठा लाभ.

आता थरथर. तुमचा लिव्हर साधारण ६० अंश फिरत असेल, आणि पोटेन्शिओमीटर २७० अंशांचं. मेगा ते ० ते १०२३ मध्ये वाचतो, म्हणजे लिव्हरच्या पूर्ण प्रवासाला तुम्हाला सव्वादोनशेच्या आसपास आकडे मिळतात. मोटरच्या तारांमुळे दोन-तीन आकड्यांचा गोंधळ झाला तरी तो जवळपास एक अंश होतो, आणि प्रोग्रॅम त्याच्यामागे धावत सुटतो. लहान टायमिंग बेल्टने पोटेन्शिओमीटर चौपट फिरवा, किंवा एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर लावा. तो पूर्ण फेरीचे ४०९६ भाग करतो. मोटरच्या आणि सेन्सरच्या तारा वेगळ्या वाटेने न्या, दोन्हींचा ग्राउंड एकाच बिंदूवर जोडा, मोटरच्या टोकांवर १०४ क्रमांकाचा सिरॅमिक कपॅसिटर झाळा. एवढं करून मग प्रोग्रॅमला हात घाला.

प्रोग्रॅममध्ये पीआयडीची (लक्ष्यापासूनचा फरक, त्याची साचत गेलेली बेरीज आणि तो बदलण्याचा वेग पाहून मोटर चालवणाऱ्या सूत्राची) तयार लायब्ररी घातली असेल तर त्यातला आय, म्हणजे ती साचणारी बेरीज (इंटिग्रल), शून्य करा. घर्षणाने चिकटणारी वस्तू आणि इंटिग्रल एकत्र आले की हंटिंग होतं : फरक साचत जातो, मोटर एकदम सुटते, पलीकडे जाते, परत साचतं. चिकट ग्लँडचे (दांड्याभोवतीचं पॅकिंग घट्ट बसलेले) व्हॉल्व्ह दिवसभर असेच डोलताना मी पाहिलेत. तुम्हाला पी पुरेल, जोडीला थोडा डी. लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना तीन-चार आकड्यांचा डेडबँड, म्हणजे मोटरने काहीच करायचं नाही असा पट्टा, ठेवा, त्याच्या आत एनेबल बंद. एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे कमी पीडब्ल्यूएमवर (वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवणाऱ्या आकड्यावर) मोटर नुसती गुणगुणते. लिव्हर जेमतेम हलू लागतो तो किमान आकडा दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळा शोधा. डेडबँडबाहेर पडलं की प्रोग्रॅमने थेट त्या आकड्यापासून सुरुवात करावी. गुणगुण फारच खटकली तर बीटीएस७९६० ड्रायव्हर घ्या. तो २५ किलोहर्ट्झपर्यंत चालतो, म्हणजे आवाज कानाच्या पलीकडे नेता येतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा.

शेवटची अट मात्र दोन्ही लिव्हरसाठी घालाच. मोटरला वीज जातेय, पण दोन सेकंदांत लिव्हर लक्ष्याकडे सरकला नाही, तर मोटर बंद आणि लाल दिवा चालू. तुमच्याकडे यामुळे ड्रायव्हर जळायचा वाचेल. खऱ्या विमानात अशी तफावत जीवघेणी ठरली आहे. ९ जानेवारी २०२१ ला जकार्ताहून निघालेलं श्रीविजया एअरचं ७३७-५०० समुद्रात कोसळलं आणि ६२ माणसं गेली. इंडोनेशियाच्या तपासात आढळलं की यांत्रिक अडथळ्यामुळे ऑटोथ्रॉटलला उजवा लिव्हर हलवता आला नाही, डावा मात्र मागे मागे जात राहिला. दोन लिव्हरमधलं अंतर वाढत होतं आणि ते वेळेत कोणी पाहिलं नाही. तुमचे लिव्हर नीट चालू लागले की सरावात मुद्दाम एक मोटर बंद करून बघा, ते अंतर तुम्हाला किती वेळात दिसतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला एअरबस ए३२० चे थ्रस्ट लिव्हर करायचे आहेत, पण मोटरचा खर्च झेपणार नाही. मोटरशिवाय केलं तर खोटं वाटेल का? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : अगं, तुला मोटर लागतच नाहीत! ए३२० चे लिव्हर ऑटोथ्रस्टमध्ये (एअरबसच्या ऑटोथ्रॉटलमध्ये) हलत नाहीत. टेकऑफनंतर वैमानिक ते 'क्लाइंब'च्या खाचेत ठेवतो आणि संगणक इंजिनांचा जोर आतल्या आत बदलत राहतो. तुझे पैसे आणि मेहनत खाचांवर लाव : आयडल, क्लाइंब, फ्लेक्स (कमी जोराचा टेकऑफ) आणि टोगा (पूर्ण जोर). स्प्रिंगवर दाबलेली छोटी बेअरिंग गोळी आणि कापलेली पट्टी, एवढ्याने छान 'टक्' येते. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक खाचेचा आकडा नीट नोंदव, नाहीतर लिव्हर खाचेत असूनही ऑटोथ्रस्ट लागणार नाही. खर्च एका पोटेन्शिओमीटरच्या जोडीचा.

प्रश्न : ७३७ च्या ट्रिम व्हीलला (विमानाच्या नाकाचा कल सांभाळणाऱ्या चाकाला) जुन्या गाडीच्या वायपरची मोटर लावली आहे. चाक फिरतं, पण एकाच वेगाने. ते बरोबर आहे का? शिवाय घरात लहान मुलं आहेत. – एक वाचक, नागपूर

उत्तर : वेग एकच नको. खऱ्या विमानात वैमानिकाच्या बटणाचा आणि ऑटोपायलटचा ट्रिमचा वेग निराळा असतो, आणि फ्लॅप (पंखांमागून बाहेर येणाऱ्या पट्ट्या) बाहेर असताना ट्रिम जास्त वेगाने चालतो. तुमच्या प्रोग्रॅमने फ्लॅपची स्थिती वाचून पीडब्ल्यूएम बदलावं. चाकावरची पांढरी पट्टी रंगवायला विसरू नका, चाक फिरतंय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं ते तिच्यामुळे.

मुलांचं मात्र गंभीरपणे घ्या. वायपर मोटरमध्ये वर्म गिअर असतो, चाक हाताने धरलं तरी ती थांबत नाही, बोट आत ओढते. क्लच बसवेपर्यंत वीज जोडू नका. चाकाचं घडीचं हँडल खऱ्या वैमानिकांसारखं नेहमी आत मिटवून ठेवा. आणि मोटरच्या १२ व्होल्टच्या वाटेवर, तुमचा हात सहज पोचेल असा, मोठा लाल बंद करायचा स्विच लावा. तो आर्डुइनोमार्फत नको, थेट तारेतच हवा.