देव-आत्मा न मानणाऱ्याला ध्यानातून आध्यात्मिक अनुभव येऊ शकतो का? आणि आला तर तो खरा कशावरून?

येऊ शकतो. त्यासाठी शंका बाजूला ठेवायची गरज नाही, उलट त्या जाग्या ठेवा. अनुभव खराच असतो. तपासायचा असतो तो आपण त्याला लावलेला अर्थ.

रोज २० मिनिटं बसा, जेवणानंतर लगेच नको. खुर्ची चालेल. मांडी घालणार असाल तर बुडाखाली जाड उशी घ्या, गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत. नाहीतर कंबर मागे कलते आणि थोड्याच वेळात पाठ भरून येते. नाकपुड्यांच्या कडेला श्वासाचा स्पर्श जाणवतो, तिथे लक्ष ठेवा.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. लक्ष दिलं की श्वास नकळत आपल्या ताब्यात जातो, मुद्दाम खोल होतो आणि छातीत अवघडल्यासारखं वाटतं. श्वास सोडून झाला की काहीच करू नका, पुढचा आपणहून येऊ द्या. मन भटकेल. भटकल्याचं ध्यानात आलं की मनात 'विचार' एवढीच नोंद करून परत या. हे परत येणं म्हणजेच सराव. मन रिकामं करणं हे उद्दिष्टच नाही.

ओठांना-बोटांना मुंग्या आल्या तर ती कुंडलिनी नव्हे. श्वास जोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात. पाय बधिर झाला तर नस दबली आहे. मिटल्या डोळ्यांपुढे रंग दिसतात, कारण बाहेरून काही मिळालं नाही तरी मेंदूची दृष्टियंत्रणा चालूच असते. यांच्या मागे लागलात तर महिने वाया जातात.

खरी गोष्ट पुढे आहे. लक्ष जरा स्थिरावलं की एखादा राग जवळून पाहा. जबडा आवळलेला, छातीत ऊब, आणि त्याशेजारी 'माझा अपमान झाला' हे वाक्य. दोन्ही वेगवेगळे दिसायला लागतात. मग हे बघणारा 'मी' कुठे आहे ते शोधा. डोळ्यांच्या मागे कुठेतरी ताण सापडतो, पण तीही एक संवेदनाच, बघितली जाणारी. कधीतरी काही क्षण आवाज ऐकू येतो, पण ऐकणारा वेगळा सापडत नाही. कुणी याला जागृती म्हणतात. फार निवांत, फार मोकळं वाटतं, आणि कट्टर नास्तिकही इथे हलतो.

यातून एवढंच निघतं की 'मी' ही जाणीव घडत असते, म्हणून ती थांबूही शकते. विश्वात चैतन्य भरलंय किंवा आत्मा अमर आहे, हे यातून सिद्ध होत नाही. २०११ मध्ये अनुभवी साधकांच्या मेंदूचं स्कॅन करून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःविषयीच्या विचारांशी जोडलेल्या भागांची हालचाल ध्यानात कमी दिसली. तोही दावा एवढ्यावरच थांबतो. दुसऱ्या दिवशी तोच अनुभव पुन्हा हवासा वाटतो, आणि त्या हव्यासानेच तो अडतो.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. झोप उडाली, सगळं खोटं-खोटं वाटायला लागलं किंवा धास्ती वाढली, तर बसणं थांबवा, डोळे उघडे ठेवून चाला, कुणाशी तरी बोला. दोन-चार दिवसांत फरक पडला नाही तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आधी सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) किंवा बायपोलरचा (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा) त्रास झालेल्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये.