मॅडन २००५ की टू-के५: आधी कुठला खेळावा?
दोन्ही अमेरिकन फुटबॉलचे व्हिडिओ गेम, दोन्ही २००४ चे, दोन्ही प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्सवर चालतात. अमेरिकन फुटबॉलचे नियमच नवे असतील तर मॅडन आधी घ्या. त्यातला 'आस्क मॅडन' पर्याय चाल सुचवतो, त्यामुळे चार डाउनमध्ये (म्हणजे प्रयत्नांत) दहा यार्ड हे गणित खेळता खेळता अंगवळणी पडतं. पासचं बटण हलकं दाबलं तर चेंडू उंच जातो, दाबून धरलं तर सरळ आणि वेगात. नवखे सगळीकडे हलकंच दाबतात आणि बचावपटूला आयता झेल देतात. हिट स्टिक, म्हणजे चेंडूवाल्याला जोरात पाडण्याची (टॅकलची) युक्ती, हीही तशीच: समोरचा अगदी अंगाशी आल्यावरच उजवी स्टिक ढकला. घाई केलीत तर तुमचा गडी आडवा आणि तो मोकळा सुटतो.

टॅकल आणि टीव्हीसारखं सादरीकरण यांत मात्र ईएसपीएन एनएफएल टू-के५ सरस, यावर मी तरी वाद घालणार नाही. बाजारात आला तेव्हा तो २० डॉलरला होता, मॅडन ५० ला. त्याच डिसेंबरात मॅडन बनवणाऱ्या ईएने एनएफएलशी, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगशी, एकाधिकाराचा करार केला. म्हणून टू-के५ वाल्यांच्याच २००७ च्या ऑल-प्रो फुटबॉल टू-के८ मध्ये एनएफएलचे संघ शोधू नका.

सुरुवातीला क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) पाच मिनिटांचाच ठेवा.